बिनकिल्लीच्या कुलपाची तीन वर्षे

आमच्या पुण्यातील सदनिकेच्या मुख्य दाराला २०२२ च्या दिवाळीआधी आम्ही इलेक्ट्रॉनिक कुलूप बसवले. बोटाचा ठसा, आकड्यांचा संकेत, कार्ड, मोबाइलवरील ॲप आणि अगदीच वेळ आली तर साधी किल्ली अशा पाच मार्गांनी उघडणारे हे कुलूप बसवणावळीसह साडेअठरा हजार रुपयांना पडले. पुढच्याच वर्षी धाकट्या दिरांनी गुहागरजवळच्या आमच्या गावच्या घराला जवळजवळ तसेच, पण थोडे स्वस्त कुलूप बसवले. दोन्ही कुलपे वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत आणि त्या कंपन्यांची नावे मी येथे घेणार नाही, कारण जे गुणदोष सांगायचे आहेत ते या जातीच्या कुलपांचेच आहेत. तीन वर्षांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, ही वस्तू सोयीसाठी अवश्य घ्यावी, मात्र तिच्यामुळे घर पूर्वीपेक्षा सुरक्षित होईल या आशेने घेऊ नये. आणि ती सोयही अशी की, तिच्यासाठी घरातल्या कोणा एकाला कुलपाचा कारभारी व्हावे लागते. आमच्या घरी ते काम न विचारताच माझ्याकडे आले.

कुलूप घेण्यामागचे कारण साधेच होते. जुन्या दाराला नाइट लॅच होते. कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला म्हणून पाऊल टाकावे, मागून वारा यावा आणि दार धाडकन लागावे, हा प्रसंग सदनिकांत राहणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी येतो. आत गॅसवर दूध आणि बाहेर घरच्या कपड्यांत अनवाणी आपण, अशा अवस्थेत चावीवाल्याला शोधत फिरण्याची वेळ माझ्यावर एकदा आणि नवऱ्यावर दोनदा आली होती. चावीवाला ते दार दहा मिनिटांत उघडत असे, आणि त्याच्या कौशल्याने दिलासा मिळण्याऐवजी धास्तीच वाटू लागली. नव्या कुलपाने ही एक पीडा पूर्णपणे संपवली, हे मान्य करायलाच हवे. दार लागले की काही क्षणांत त्याचा बोल्ट आपोआप चौकटीत जातो, त्यामुळे ‘कुलूप लावलं का?’ या शंकेने अर्ध्या जिन्यातून परत यावे लागत नाही. आणि दार मागून लागले तरी बिघडत नाही, कारण बोट घरी विसरून कोणी बाहेर पडत नाही.

बोटाच्या ठशाविषयी मात्र जाहिरातींत जेवढे सांगितले जाते तेवढे खरे मानू नये. ठसा वाचणारी काच साधारणतः दोन प्रकारची असते. एक प्रकार प्रकाश टाकून बोटाचे चित्र घेतो. दुसरा, ज्याला कपॅसिटिव्ह म्हणतात, तो बोटावरील उंचवटे आणि खाचा यांच्या विद्युतभारातला फरक मोजतो. हात ओले असले की खाचांत पाणी भरते आणि तो फरक पुसट होतो. हिवाळ्यात कातडी कोरडी पडली की उंचवटे काचेला नीट टेकत नाहीत. कणीक मळल्यावर, भांडी घासल्यावर किंवा भाजी चिरताना बोट कापल्यावर आमचे कुलूप मला ओळखत नाही. नवऱ्याला आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाला ते पहिल्या स्पर्शात ओळखते. यातून स्वयंपाकघरातल्या श्रमविभागणीबद्दल जे काही सिद्ध होते ते झालेच. यावर उपाय एकच सापडला, तो म्हणजे एकाच बोटाची नोंद दोन-तीन वेळा, निरनिराळ्या वेळी करणे: एकदा सकाळी, एकदा आंघोळीनंतर, एकदा धुणे झाल्यावर. शिवाय दोन्ही हातांच्या बोटांची नोंद असावी, म्हणजे एका बोटाला पट्टी बांधलेली असताना दुसरे कामी येते.

सासूबाईंच्या बाबतीत तोही उपाय चालला नाही. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि आयुष्यभराच्या कामाने त्यांच्या बोटांवरच्या रेषा जवळजवळ झिजून गेल्या आहेत. रेशनच्या दुकानातील यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून पुन्हा पुन्हा हात पुसणारी म्हातारी माणसे आपण पाहिलेली आहेत; येथे तोच अपमान स्वतःच्या घराच्या दारात होतो. दहापैकी एकही बोट नोंदवले जाईना, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, पन्नास वर्षं या घराची सून आहे मी, आणि हे यंत्र मला विचारतंय तू कोण?” आकडे लक्षात ठेवणे त्यांना नको होते. शेवटी त्यांना कार्ड दिले. ते हरवू नये म्हणून त्यांनी कार्डाला भोक पाडायला सांगितले. आत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते आणि भोक पडले तर कार्ड निकामी होईल, हे मी त्यांना कसेबसे पटवले. मग त्यांनी कार्डाला छोटी कापडी पिशवी शिवली आणि ती कपाटाच्या, देवघराच्या व ट्रंकेच्या किल्ल्यांबरोबर आपल्या जुडग्यात अडकवली. बिनकिल्लीच्या कुलपाची किल्ली अशा रीतीने पुन्हा जुडग्यात जाऊन बसली, आणि आमच्या घरात दार सर्वांत कमी वेळात त्याच उघडतात.

आकड्यांच्या संकेताचा उपयोग मला सर्वांत अधिक झाला, आणि या कुलपाचे खरे मोल मला तेथेच दिसते. पूर्वी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींसाठी, पाहुण्यांसाठी आणि गावाला गेल्यावर झाडांना पाणी घालणाऱ्या शेजारच्या काकूंसाठी किल्लीच्या प्रती करून ठेवाव्या लागत. किल्ली दिली की ती परत येईपर्यंत मनात राहते, आणि परत आली तरी मधल्या काळात तिची आणखी एक प्रत झाली नसेल याची खात्री कोणालाच देता येत नाही. आकडा देता येतो, बदलता येतो आणि रद्दही करता येतो. कार्डाने उघडणारे कुलूप हॉटेलांत आले ते याच गरजेतून. पाहुणा खोलीची किल्ली खिशात घालून निघून गेला, तर सुरक्षित उपाय कुलूप बदलण्याचाच असे. नॉर्वेतील टोर सॉर्नेस यांनी १९७० च्या दशकात ३२ छिद्रांच्या जागा असलेले प्लास्टिकचे कार्ड तयार केले. प्रत्येक जागी छिद्र असणे किंवा नसणे एवढ्यावरून चार अब्जांहून अधिक वेगवेगळी कार्डे संभवतात, त्यामुळे प्रत्येक पाहुण्याला नवी किल्ली देता येऊ लागली. ते कार्ड छिद्रांचे होते. वीज त्यात पुढे आली. कुलपाला हात न लावता किल्ली बदलता येणे हा त्यातला मूळ लाभ, आणि घरगुती कुलपांतही आज तोच सर्वांत टिकाऊ लाभ आहे. ॲपवरून रंग बदलणे, दारातून “वेलकम” म्हणणे हे सगळे त्यावरचे वर्ख आहेत. तो आवाज, जाता जाता सांगते, पहिल्याच रात्री बंद करावा. रात्री अकरा वाजता जिन्यात घुमणाऱ्या त्या स्वागताने आमच्या समोरच्या बिऱ्हाडाशी संबंध काही दिवस ताणलेले होते.

मावशींना आकडा द्यायचे ठरले तेव्हा मी घरातलाच एक आकडा त्यांना सांगणार होते. त्यांनीच मला थांबवले. “ताई, मला माझा वेगळा नंबर द्या. उद्या घरात काही इकडचं तिकडं झालं, तर मी कधी आले ते दिसेल तरी.” कुलपात प्रत्येक उघडझापीची नोंद राहते हे त्यांनी दुसऱ्या एका घरी पाहिलेले होते. मला ती नोंद म्हणजे पाळत वाटत होती. त्यांना तो स्वतःच्या बाजूचा पुरावा वाटत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ही नोंद मोबाइलवर दर वेळी टुणकन सूचना देते, आणि पहिल्या महिन्यात मी कार्यालयात बसून मुलगा किती वाजता आला, मावशी किती मिनिटे होत्या, हे पाहू लागले. मुलाने एकदा शांतपणे विचारले, “आई, तू मला फोन करून का नाही विचारत?” त्या दिवशी मी सूचना बंद केल्या. नोंद कुलपात असते. गरज पडली तर पाहता येते, आणि आजपर्यंत ती पाहण्याची गरज पडलेली नाही.

संकेताच्या बाबतीत दोन व्यावहारिक गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सहा अंकी आकड्याच्या दहा लाख शक्यता असतात आणि काही चुकीच्या प्रयत्नांनंतर कुलूप थोडा वेळ गोठते, त्यामुळे आकडा अंदाजाने सापडणे अवघडच. पण जन्मतारखा आणि गाडीचे क्रमांक वापरले की हे सगळे गणित वाया जाते. दुसरे असे की, स्पर्शाच्या फलकावर बोटांचे तेलकट डाग राहतात. एकच आकडा महिनोन्महिने वापरला, तर तिरक्या उजेडात कोणते चार-पाच अंक दाबले जातात ते स्पष्ट दिसते. चांगल्या कुलपांत खऱ्या आकड्याच्या मागेपुढे मनाला येतील ते अंक दाबण्याची मुभा असते. ती आहे का हे घेताना विचारावे आणि फलक आठवड्यातून एकदा पुसावा.

दाराला बाहेरून लोंबणारे कुलूप घरात कोणी नाही हे साऱ्या जगाला सांगते. इलेक्ट्रॉनिक कुलूप आतून लावले काय किंवा बाहेरून लागले काय, सारखेच दिसते, आणि हा फायदा मी विकत घेताना लक्षातही घेतला नव्हता. या न दिसण्याचे सर्वांत गमतीदार उदाहरण आपल्याच राज्यात आहे. शनिशिंगणापुरात घरांना दारे आणि कुलपे नसतात, ही तिथली श्रद्धा सर्वांना ठाऊक आहे. २०११ च्या जानेवारीत युको बँकेने तेथे ‘बिनकुलपाची’ शाखा उघडली. तिच्या प्रवेशद्वाराला काच लावली आणि गावाच्या भावनेचा मान राखून, सहजासहजी दिसणार नाही असे दुरून चालवता येणारे विद्युतचुंबकीय कुलूप बसवले. श्रद्धेलाही धक्का नाही आणि तिजोरीलाही नाही, असा हा तोडगा होता.

आता दाराकडे वळते, कारण कुलपाचे निम्मे यशापयश दारावर ठरते आणि विक्रेता त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. आमच्याकडच्या बहुतेक सदनिकांना दोन दारे असतात: आतले लाकडी आणि बाहेरचे जाळीचे सेफ्टी डोअर. इलेक्ट्रॉनिक कुलूप आतल्या दाराला बसले, मग बाहेरच्या दाराचे काय? त्याला लॅच असेल तर त्याची किल्ली खिशात बाळगावीच लागते आणि सगळ्या खटाटोपाचा हेतूच बाद होतो. आम्ही तडजोड केली. घरात कोणी असताना बाहेरच्या दाराला आतून कडी असते. सगळे जण कामाला गेले की ते नुसते लोटलेले राहते. आणि दोन दिवसांहून अधिक गावाला जायचे असेल, तर त्याला किल्लीचे कुलूप लावतो. म्हणजे प्रवासाला निघताना आमच्या हातात अजूनही किल्ली असते.

दुसरा प्रश्न जाडीचा आहे. आमचे दार पस्तीस मिलिमीटरचे निघाले आणि कुलपाला किमान अडतीस हवे होते. हे कळले ते सुतार पटाशी घेऊन उभा राहिल्यावर. मग आतल्या बाजूने प्लायची पट्टी मारून जाडी वाढवली. जुन्या लॅचचे गोल भोक उरले ते झाकायला पितळी चकती बसवली. दारात एकदा खाच पाडली की ती बुजवता येत नाही, म्हणून आधी मापे घ्यावीत, दार डावे की उजवे, आत उघडते की बाहेर, हे लिहून द्यावे, आणि कंपनीच्या माणसाबरोबर आपला नेहमीचा सुतार उभा करावा. आमच्याकडे आलेल्या तंत्रज्ञाला ॲपची उत्तम माहिती होती. रंधा कसा धरतात हे माहीत नव्हते.

पावसाळ्यात या गोष्टी उघड्या पडल्या. जुलैमध्ये लाकूड फुगले, दार चौकटीला घासू लागले आणि बोल्ट समोरच्या पट्टीच्या भोकात नीट जाईना. जुन्या कुलपाच्या काळात आपण दार गुडघ्याने दाबून किल्ली फिरवत असू; मोटरला गुडघा नसतो. ती दोनदा प्रयत्न करते, केकाटते आणि हार मानते. प्रत्येक प्रयत्नात बॅटरी खर्च होते ती वेगळीच. सुताराने पट्टीचे भोक कानशीने दोन मिलिमीटर मोठे केले आणि बिजागऱ्यांचे स्क्रू आवळले, तेव्हा कुठे घराला स्वास्थ्य लाभले. कंपनीच्या मदत क्रमांकावर मला त्याआधी तीन वेळा ‘ॲप अद्ययावत करा’ असे सांगण्यात आले होते.

बॅटरीबद्दल लोकांच्या मनात उगाच भलते भय असते. वीज गेली तर दार उघडेल का, असा प्रश्न मला प्रत्येक पाहुणा विचारतो. ही कुलपे घरच्या विजेवर चालत नाहीत; त्यांत चार पेन्सिल सेल असतात. अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा, म्हणजे चारांचे सहा व्होल्ट होतात. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारे निकेलचे सेल प्रत्येकी एक पूर्णांक दोन व्होल्टचे असतात. ते घातले की एकूण चार पूर्णांक आठच व्होल्ट भरतात आणि कुलूप नव्याकोऱ्या सेलवरही बॅटरी संपल्याची तक्रार करू लागते. काटकसरीच्या नादात मी हा प्रयोग केला आणि एक आठवडा ती किरकिर ऐकली. अल्कलाइन सेल आमच्याकडे नऊ-दहा महिने चालतात. वायफायचा जोड लावला होता तेव्हा ते चार महिन्यांतच संपत. सेल संपत आले की कुलूप बरेच दिवस आधी इशारा देते, पण तो दार उघडणाऱ्याला देते, कारभाऱ्याला नव्हे. आणि आमच्या घरातील पुरुषमंडळींना तो आवाज ऐकू येत नाही असे दिसते. म्हणून मी इशाऱ्याची वाटच पाहत नाही. गुढीपाडवा आणि दसरा या दोन दिवशी सेल बदलते. दसऱ्याला सासूबाई शिवणयंत्र, विळी आणि गाडीबरोबर कुलपालाही झेंडूचे फूल वाहतात, त्यामुळे तारीख चुकत नाही. सेल अगदी मेलेच, तर बाहेरच्या भागाच्या तळाशी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवण्यासाठी दोन टोके असतात. नव्या कुलपांत त्याऐवजी टाइप-सी चे भोक असते आणि पॉवर बँक चालते. दुसरा प्रकार निःसंशय बरा, कारण नऊ व्होल्टची बॅटरी रात्री अकराला कोठे मिळते, हे सांगणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाही.

ती मिळत नाही हे आम्हांला गुहागरच्या घरी कळले. गावच्या घराची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या शेजारच्या आप्पाकाकांकडे असे. डोंबिवलीहून येणारे चुलत भाऊ वेळी-अवेळी पोहोचत, काकांना झोपेतून उठवावे लागे, म्हणून दिरांनी २०२३ साली पुढच्या दाराला इलेक्ट्रॉनिक कुलूप लावले आणि सर्वांना आकडा कळवला. पहिल्या मे महिन्यात त्याचे फार कौतुक झाले. पुढच्या वर्षी घर जूनपासून बंद राहिले. चतुर्थीच्या दोन दिवस आधी, भर पावसात, मखराचे सामान आणि दोन लहान मुले घेऊन आम्ही रात्री दारात उभे राहिलो, तेव्हा फलकावर बोट ठेवले तर दिवासुद्धा लागला नाही. तळाच्या टोकांना टेकवायला बॅटरी नव्हती. आणीबाणीची किल्ली होती. ती दिरांच्या डोंबिवलीच्या कपाटात, कुलपाच्या मूळ खोक्यात, वापराच्या पुस्तिकेसह सुरक्षित होती. अखेर आप्पाकाका कंदील घेऊन आले आणि काही न बोलता आम्हांला परसात घेऊन गेले. मागील दाराच्या साध्या कुलपाची किल्ली त्यांच्या पडवीतल्या खिळ्याला पूर्वीसारखीच टांगलेली होती. “ही मागायला कोणी आलंच नाही, म्हणून राहिली,” एवढेच ते म्हणाले.

सकाळी आतून कप्पा उघडला. सेल फुटून पांढरी भुकटी झाली होती आणि तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढला होता. अल्कलाइन सेल संपून तसाच आत राहिला की त्यातले क्षारयुक्त द्रव्य बाहेर येते. त्यात समुद्रकाठची खारट, दमट हवा तीन महिने मिळाली की पट्ट्या टिकत नाहीत. हमीची मुदत संपलेली होती आणि कंपनीने आतली सर्किटची पाटी बदलण्याचे साडेसहा हजार रुपये सांगितले. त्यासाठीही तंत्रज्ञ रत्नागिरीपर्यंतच येईल, पुढे तुम्ही कुलूप काढून आणा, असे कळवले. कुलूप काढून आणल्यावर दाराला काय लावायचे, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. जुन्या कुलपाला तेल घालता येते, कोपऱ्यावरचा चावीवाला त्याला किल्ली करून देतो, आणि काहीच जमले नाही तर लोहार ते तोडून देतो. या कुलपाचा दोष काय आहे हे गावात कोणालाच सांगता येत नाही, आणि बंद राहणाऱ्या घरांच्या बाबतीत मला हा सर्वांत मोठा तोटा वाटतो.

इंटरनेटवरून कोणी आपले कुलूप उघडील का, ही भीतीही वारंवार बोलून दाखवली जाते. ती निराधार नाही. अमेरिकेतील डेफ कॉन या संगणकसुरक्षा परिषदेत २०१६ साली दोन संशोधकांनी तपासलेल्या १६ ब्लूटूथ कुलपांपैकी १२ उघडून दाखवली होती. कार्डांची गोष्ट अधिक बोलकी आहे. मायफेअर क्लासिक या अत्यंत प्रचलित कार्डाचे सांकेतिक संरक्षण नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये भेदले. तरीही ते कार्ड वापरातून गेले नाही, आणि २०२४ च्या मार्चमध्ये जगभरातील ३० लाखांहून अधिक दारांवरची, तेच कार्ड वापरणारी सॅफ्लॉक जातीची हॉटेल-कुलपे बनावट कार्डाने उघडता येतात असे जाहीर झाले. म्हणजे ज्ञात दोष सोळा वर्षे दारांवर टांगलेला राहू शकतो. ठशाबद्दल बोलायचे, तर जपानच्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी २००२ सालीच जिलेटिनची बोटे करून ठसे वाचणारी यंत्रे फसवली होती. मला मात्र यांपेक्षा २०१७ ची एक घटना अधिक विचार करायला लावते. लॉकस्टेट या अमेरिकी कंपनीने आपल्या कुलपांना इंटरनेटवरून चुकीची सुधारणा पाठवली आणि सुमारे ५०० कुलपांचे आकडे चालेनासे झाले. तेथे चोर कोणीच नव्हता. कुलूप निर्मात्याच्या चुकीने मालकालाच ओळखेनासे झाले. हे वाचल्यानंतर मी वायफायचा जोड काढून ठेवला. ब्लूटूथ दारापुरते चालते, आणि कार्यालयातून दार उघडण्याची निकड मला तीन वर्षांत दोनदाच भासली. दोन्ही वेळा फोनवरून तात्पुरता आकडा सांगून काम झाले.

आपल्याकडचा घरफोड्या मात्र एवढ्या खोलात शिरत नाही. वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे ‘कडी-कोयंडा उचकटून’ हेच शब्द छापून येतात. पहार दाराच्या फटीत घालणाऱ्याला कुलपात वीज आहे की लिव्हर, याच्याशी कर्तव्य नसते. बोल्ट चौकटीत किती खोल जातो आणि समोरची पट्टी कशाने धरलेली आहे, एवढ्यावर निकाल लागतो. आमच्या तंत्रज्ञाने त्या पट्टीला पाऊण इंची स्क्रू मारले होते. सुताराने ते काढून तीन इंची बसवले आणि त्याचे फक्त चाळीस रुपये घेतले. साडेअठरा हजारांच्या कुलपाने जेवढी सुरक्षितता दिली नसेल तेवढी त्या चाळीस रुपयांनी दिली, असे माझे प्रामाणिक मत आहे. स्वस्त कुलपांत तर बोल्ट नसतोच, नुसती स्प्रिंगवर चालणारी तिरपी जीभ असते. काही कुलपांत ती प्लास्टिकच्या पातळ पट्टीनेही सरकते. दुकानात कुलूप हातात घेऊन दार लागल्यावर जाड, सरळ बोल्ट बाहेर येतो का, हे पाहावे. त्याच वेळी आतली मूठ बॅटरी काढूनही फिरते का, हेही पाहावे, कारण आग लागली असता बाहेर पडण्यासाठी ठसा द्यावा लागणे परवडणारे नाही.

विम्याचा मुद्दा फारसा कोणी काढत नाही. घरफोडीच्या विम्यात सामान्यतः बळजबरीने आत शिरल्याची खूण अपेक्षित असते. कोणी आपला आकडा पाहून ठेवला आणि दार रीतसर उघडून आत गेला, तर चौकटीवर ओरखडाही नसतो. आपल्या विम्याच्या अटी कुलूप घेण्याआधी वाचाव्यात आणि कुलपातली नोंद पुसली जाणार नाही अशी ठेवावी.

आज कोणी मला विचारले, तर राहत्या घरासाठी मी हे कुलूप पुन्हा घेईन, पण वेगळ्या रीतीने. वायफाय आणि कॅमेरा असलेले महागडे मॉडेल घेणार नाही. ठसा, आकडा, कार्ड, लपलेले किल्लीचे भोक आणि टाइप-सी एवढे असले की पुरे, आणि ते बारा-तेरा हजारांत मिळते. कंपनी निवडताना ॲपचे तारे मोजण्यापेक्षा तिचा दुरुस्ती करणारा माणूस आपल्या शहरात आहे का आणि हमी किती वर्षांची आहे, हे पाहीन. आणीबाणीची किल्ली घराबाहेर ठेवीन. आमची सध्या शेजारच्या काकूंकडे आहे, आणि त्यांच्या घराची आमच्याकडे.

गुहागरला दिरांनी ते कुलूप काढले आणि सात लिव्हरचे साधे गोदरेजचे कुलूप आणले. मुंबईत लालबागला १८९७ साली सुरू झालेल्या त्या कारखान्याचे नाव आप्पाकाकांना वडिलांच्या वेळेपासून ठाऊक होते. दाराच्या फळीत जुन्या खाचेचा आयताकृती खळगा मात्र राहिला आहे. यंदा त्यात चिमणीने काड्या आणून टाकल्या होत्या. कुलपाबरोबर तीन किल्ल्या मिळाल्या. एक डोंबिवलीला आहे, एक माझ्याकडे, आणि तिसरी आप्पाकाकांच्या पडवीतल्या खिळ्याला.